मुलींच्या हातचं सूत

मोठ्या बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला बसले तर आधी चष्मा आठवतो, मग अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, आणि चेहरा मागाहून येतो. आवाज मात्र तसाच्या तसा आहे. काल संध्याकाळी तो फार जवळून ऐकू आला, त्याला कारण माझी नातसून. आम्ही आता ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, सतराव्या मजल्यावर. तिची शाळा याच रस्त्यावर आहे आणि यंदा ती तिथली मुख्याध्यापिका झाली. म्हणजे आता ती मोठ्या बाई. पण तिला कोणी तसं म्हणत नाही, मॅडम म्हणतात. तिच्या शाळेत नवा अभ्यासक्रम आलाय. काल चप्पल पायातच ठेवून सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आजी, प्रोजेक्ट मुलांनी करायचे असतात ना? अख्ख्या वर्गाचे आयांनी केलेत. टीचर्सना ते माहितीये. मला वर फोटो पाठवायचे असतात म्हणून त्या गप्प बसल्यात. आता त्यांना ओरडू की मी पण गप्प बसू?" मला हसू आलं. तिला वाटलं, म्हातारीला काही कळलं नाही. मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, फक्त शेवट सांगितला नाही. रात्रभर झोप बरी लागली, पण सकाळी दात घासताना वाटलं की ज्यांची गोष्ट आहे त्यांना तरी शेवट सांगावा.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. कल्याणातली आपली मुलींची शाळा, पाच वर्ग, पाच बाई, आणि वर तुम्ही. मी तिसरीची बाई. माझं शिक्षण म्हणजे सातवीची परीक्षा, तीही लग्नानंतर घरी बसून दिलेली. बाकी जे काही शिकले ते पुड्या बांधून आलेले कागद वाचून. ट्रेनिंग झालेलं नव्हतं. ह्यांचा छापखाना बंद पडला होता, आणि घरात मिळवती मी एकटी. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला एक ठाऊक नव्हतं, की मला शिकवायला इतकं आवडायचं, की रविवारी घरातले डबे ओळीने मांडून मी त्यांची हजेरी घ्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, मुगाचा डबा गैरहजर आहे, तो मी खाली काढलाय."

तेव्हा नवा अभ्यासक्रम आला. पुस्तक कमी, हाताचं काम जास्त. आपल्या वाट्याला सूतकताई आली. तुम्ही तीन आठवडे कुठल्याशा शिबिराला जाऊन आलात, बरोबर सूत काढायच्या टकळ्यांची पेटी आणि एक जाडजूड पुस्तक. आम्हाला वाटलं आता भाषण होणार. तुम्ही पुस्तक टेबलावर ठेवलंत, पदराने चष्मा पुसलात आणि म्हणालात, "मी हे दोनदा वाचलं. अर्धं कळलं. उरलेलं अर्धं आपण मिळून बघू." चौथीच्या बाई आपल्यात सगळ्यात जुन्या, त्यांची जीभ म्हणजे विळी. त्या पेटीतली टकळी बोटात फिरवून म्हणाल्या, "बघा हं मोठ्या बाई, तोंडाची टकळी चालवायला ठेवलंय आम्हाला, हातातली नाही." तुम्ही म्हणालात, "तुमची तोंडाची दहा मिनिटं थांबली तरी वर्गाचं निम्मं सूत निघेल." सगळ्यात मोठ्यांदा त्याच हसल्या.

त्या पुस्तकात एक शब्द होता, समवाय. सुताच्या निमित्ताने गणित, भूगोल, भाषा, सगळं एकमेकांत गुंफून शिकवायचं, त्याला तो शब्द. चौथीच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे एकाच पातेल्यात वरण, भात आणि श्रीखंड." मला मात्र त्या शब्दाने झपाटलं. न शिकलेल्या माणसाला मोठा शब्द मिळाला की त्याचं असं होतं, नवी चप्पल घालून घरातल्या घरात फिरावं तसं. महाराज आग्र्याहून पेटाऱ्यातून निसटले ती गोष्ट मी मुलींना सांगत होते. एरवी ती ऐकताना मुली श्वास रोखायच्या. पण आता समवाय करायला हवा. मी म्हटलं, "पेटारे कशाने झाकले होते? कापडाने. कापड कशाचं? सुताचं. सूत कशावर निघतं?" मुलींनी कंटाळून म्हटलं, "टकळीवर." आणि मागच्या बाकावरची एक हात वर करून उभी राहिली. "बाई, मग महाराज तिथं टकळी घेऊन बसले होते का?" ते पहारेकरी, ती मिठाई, तो थरार, सगळं पाण्यात गेलं.

हे मी तुम्हाला शनिवारी सांगितलं. तुमचा तो शनिवार. सकाळची शाळा सुटली की तुमच्या खोलीत स्टोव्ह पेटायचा, किटली चढायची, आणि आम्ही पाचजणी सतरंजीवर. नियम एकच होता, आधी फसलेलं, मग चहा. त्या आठवड्यात वर्गात जे जमलं नाही ते प्रत्येकीने सांगायचं, आणि सुरुवात तुम्ही करायचात. पहिल्या शनिवारी तुम्ही म्हणालात, "मी पाचवीला सूत मोजायला लावलं आणि मलाच बेरीज चुकली. मुलींनी दुरुस्त केली." मुख्य बाईने असं सांगितल्यावर बाकीच्यांची जीभ सैल व्हायला वेळ लागत नाही. माझा टकळीवाला आग्रा ऐकून चौथीच्या बाईंना ठसका लागला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "जिथे जोड दिसत नाही तिथे जोडू नका, बाई. मीठ भातात घालतात, पाण्याच्या माठात नाही." आणि पहिला कप माझ्यापुढे केलात.

मग ती चिठ्ठी आली. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आपण सगळ्याच दिपोटी म्हणायचो. दिपोटी येणार, प्रत्येक वर्गाचं सूत बघणार आणि शेरा लिहिणार. शेरा वाईट पडला तर संक्रांत पहिली कुणावर, हे सांगायला जोशी लागत नव्हता. ट्रेनिंग न झालेली मी एकटी. आणि माझ्या तिसरीचं सूत म्हणजे काय सांगू. पेळू, तो कापसाचा वळलेला गुंडाळा, मुलींच्या हातात नुसता कुस्करायचा. धागा वीतभर निघाला की तुटायचा. जोडला की गाठ, पुन्हा तुटला की पुन्हा गाठ. शेजारच्या वर्गातून लडी निघायला लागल्या होत्या आणि माझ्या वर्गातून उवा काढल्यासारखे तुकडे.

एका दुपारी मी उरलेले पेळू पिशवीत घालून घरी नेले. सासूबाईंचा लहानपणी माहेरी चरख्यावर हात बसलेला होता. त्यांनी टकळी हातात घेतली आणि केसासारखा धागा काढला. मला म्हणाल्या, "एवढंच ना? तू पोळ्या लाट, मी तुझ्या पोरींचं सूत काढते." दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरायला लागली. सासूबाई, नणंद आणि मी. तीन आठवड्यांत माझ्या वर्गाच्या लडी शाळेत सगळ्यात देखण्या झाल्या. तुमच्या कपाटात पांढऱ्याशुभ्र ओळीने लागल्या. मुलींना मी सांगितलं की तुमचं सूत घरी जरा सारखं केलंय. मुली गप्प राहिल्या. तिसरीतल्या मुली गप्प राहतात तेव्हा त्यांना सगळं कळलेलं असतं.

आणि तुम्ही एका दुपारी आलात. दारात चपला काढून, "सूनबाई आहेत का," असं विचारून थेट स्वयंपाकघरात. मी तव्यापुढे आहे, नणंद पेळू सोडवते आहे, सासूबाई भिंतीला टेकून टकळी फिरवताहेत. माझी पोळी तव्यावर तशीच राहिली. सासूबाईंना काय माहीत. त्यांनी मोठ्या कौतुकाने पाट सरकवला. "या, बसा मोठ्या बाई. आमच्या सूनबाईंच्या वर्गाचं सूत बघितलंत ना? ते सगळं आमच्या हातचं बरं का. पोरींना कुठलं येतंय."

तुम्ही बसलात. त्यांच्या हातातला धागा दोन बोटांत धरून बघितलात. "सुरेख काढता तुम्ही," म्हणालात, आणि मनापासून म्हणालात. जळकी पोळी सुद्धा खाल्लीत, गुळाबरोबर. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. मला वाटलं आता इथेच, सासूबाईंच्या देखत, माझी नोकरी गेली. पण तुम्ही उठलात, मला म्हणालात, "नाक्यापर्यंत चला माझ्याबरोबर," आणि रस्त्याला लागल्यावरच बोललात.

"तीन शनिवार तुमचं काहीच फसलं नाही, बाई. तेव्हाच मला कळलं की काहीतरी फसलंय." मी रडायला लागले. तुम्ही थांबला नाहीत, चालत राहिलात. "तिसरीच्या मुलीचं सूत तुटतं. ते तुटायलाच हवं. तुमच्या लडीला एक गाठ नाही. याला बाळसं म्हणत नाहीत, याला सूज म्हणतात."

मी म्हटलं, "मोठ्या बाई, दिपोटींनी शेरा दिला तर मी घरी बसेन. घरात दुसरं कुणी..."

"शेरा शाळेला देतात. शाळा माझी आहे." मग तुमचा आवाज खाली आला. "तुमच्यावर ही पाळी आली, त्यात माझं चुकलं. कपाटात लडी ओळीने लावल्या मी. ओळ दिसली की माणूस शेजारच्याच्या लडीकडे बघतो. उद्या ते कपाट मोकळं करते आणि तुमच्या वर्गात येऊन बसते."

खरंच आलात. मुलींच्या रांगेत, मांडी घालून, टकळी घेऊन. आणि तुम्हालाही येईना. शिबिरात शिकून आलेल्या बाई, आणि धागा तुटतोय. मुली आधी घाबरल्या, मग हसल्या, मग एकीने धीर करून म्हटलं, "मोठ्या बाई, तुम्ही लई खेचताय." ती मागच्या बाकावरचीच, महाराजांच्या टकळीची चौकशी करणारी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली पोर. तिचा धागा सगळ्यांहून लांब निघत होता आणि मला महिनाभर ते दिसलं नव्हतं. मी आपली तुटलेलेच बघत बसलेली. तुम्ही विचारलंत, "तुला कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "कुणी नाय. आजी जाळ्याचा दोरा वळते, मी बघते."

त्याच संध्याकाळी तुम्ही खाडीवर गेलात आणि शनिवारी ती आजी आपल्या खोलीत. कासोटा मारलेलं लुगडं, नाकात मोठी नथनी, हाताला माशाचा वास. चौथीच्या बाई पुटपुटल्या, "आता कोळणीकडून धडे घ्यायचे का आम्ही?" तुम्ही किटलीवरचं झाकण काढता काढता म्हणालात, "ज्याला येतं त्याच्याकडून घ्यायचे. पुस्तकात तसंच लिहिलंय, ते अर्धं मला कळलंय." आजीने त्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. माझा हात धरला. "अगो बाय, खेचतंस कशाला? सोर त्याला. फिरू दे. त्याचं तो येल." सोर म्हणजे सोड. मोठ्या बाई, तो समवाय शब्द माझ्या डोक्यात महिनाभर फिरत होता, तो त्या एका 'सोर'ने जागेवर बसला. माझा धागा हातभर निघाला. चौथीच्या बाईंनी शेवटी आपलीही टकळी पुढे केली. आजी त्यांना म्हणाली, "तुजे हातात जोर लय हाय. पोरांना मारतंस काय?" त्या दिवशी चहाला फार उशीर झाला.

सूत तरीही तुटायचंच. मग तुम्ही म्हणालात, गाठी मोजा. प्रत्येक मुलीने आपल्या लडीतल्या गाठी मोजायच्या, पाटीवर मांडायच्या, मागल्या आठवड्यातल्या गाठींतून वजा करायच्या. ज्या मुलींना वजाबाकी म्हटलं की पोटात दुखायचं, त्या गाठींची वजाबाकी करायला धावायला लागल्या. उत्तर जितकं मोठं तितकी आपली सुधारणा, हे त्यांना न सांगता कळलं. कुठेही ओढून आणलेला आग्रा नाही. भातातलं मीठ ते हे, असं मला तेव्हा वाटलं.

शेवटी दिपोटी आले. तुम्ही माझ्या वर्गाच्या लडी टेबलावर मांडल्यात, खऱ्या, जाड्याभरड्या. साहेबांनी एक उचलली. "हे काय हो? यात सुतापेक्षा गाठीच जास्त."

"मोजल्या आहेत," तुम्ही म्हणालात. "कोणाच्या किती, ते मुली सांगतील."

कोळीवाड्यातली पोर उभी राहिली. "साहेब, आधीच्या लडीत माज्या एकोणीस होत्या. आता सात हायेत. बारा कमी झाल्या." साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग लडीकडे, मग खुर्चीत बसून स्वतः त्या गाठी मोजायला लागले. मोजता मोजता चष्मा काढला, पुन्हा घातला. "सात," म्हणाले. "बरोबर आहे." त्यांचा शेरा तुम्ही मला वाचायला दिलात. सूत जाडेभरडे, काम खरे, शिक्षिकेस ट्रेनिंगला पाठवावे. पाठवावे आणि काढावे या दोन शब्दांत माझा सबंध संसार होता.

नातसुनेला मी इथवर सांगितलं. तिने वाकून पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाली, "म्हणजे फोटो मागवणं आधी मला थांबवायला हवं." शहाणी आहे. पुढे तिने विचारलं, "आणि आजी, मग परत कधी असं केलं नाहीत ना तुम्ही?" मी म्हटलं, "छे गं, तोबा."

तिथे मी खोटं बोलले.

तुम्ही निवृत्त होणार होतात ते वर्ष. मी ट्रेनिंग करून परत आलेली, पक्की झालेली. मुलींनी ठरवलं की मोठ्या बाईंना आपल्या सुताचा रुमाल द्यायचा, तुमची पुस्तकं बांधून ठेवायला. वर्षभराचं सूत साठवलं, पाचही वर्गांचं. ते घेऊन मी भिवंडीच्या एका हातमागवाल्याकडे गेले. त्याने लड ताणून बघितली आणि ती त्याच्या हातातच तुटली. "आडवं चालेल, बाई," तो म्हणाला. "उभं नाही चालणार. ताणा याचा केला तर मागावर चढायच्या आधीच तुटेल. उभ्याला दुसरं सूत द्या." मुलींना हे सांगायला हवं होतं. त्या शनिवारी तुम्हाला सांगायला हवं होतं, फसलेलं म्हणून. पण तुमचा शेवटचा महिना, मुलींनी आईबापांना सांगून ठेवलेलं, मला ते पेलवलं नाही. मी घरी आले आणि सासूबाईंपुढे पेळू ठेवले. त्यांना आता कमी दिसायचं, तरी त्यांनी काही न विचारता टकळी काढली. तीन आठवडे आम्ही दोघी, आणि मग ते उभं सूत मागावर.

रुमाल तुमच्या हातात दिला तो निरोपाचा दिवस. मुली दाटीवाटीने उभ्या. तुम्ही घडी उलगडलीत, आडवं बोट फिरवलंत, गाठी लागल्या तसं हसलात. मग उभं फिरवलंत. ते बोट मध्यावर थांबलं, अगदी क्षणभर. मी चौथीच्या बाईंच्या मागे उभी. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "सगळं मुलींच्या हातचं?" आणि मी म्हटलं, "हो, मोठ्या बाई. सगळं." तुम्ही म्हणालात, "छान धरून ठेवलंय," आणि घडी घातलीत. कुणी कुणाला धरून ठेवलं होतं ते बोलला नाहीत. त्यानंतर तुम्ही सात-आठ वर्षं होतात. दिवाळीला मी दर वर्षी यायचे, फराळाचा डबा घेऊन. प्रत्येक वेळी तो रुमाल तुमच्या मेजावर असायचा, पुस्तकांवर. प्रत्येक वेळी मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

ज्या बोटांनी माझ्या स्वयंपाकघरात यायच्या आधीच माझं सूत ओळखलं होतं, त्यांना ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण मला वाटणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं. तुम्ही विचारलं होतंत, सांगायचं मी होतं.

हे पत्र कुठे टाकायचं म्हणा. पोस्टाचा डबाही आता आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर गंजून उभा आहे. कपाटात साड्यांखाली ठेवते. नातसुनेच्या हाती कधी लागलं तर लागो, तिलाही शेवट कळेल. आज शनिवार आहे. ती आतून दोनदा विचारून गेली, "आजी, चहा टाकू का?" मी म्हटलं, थांब जरा.

मोठ्या बाई, रुमालाचे उभे धागे सासूबाईंचे आणि माझे होते. मुलींचे नव्हते.

आता तिला चहा टाकायला सांगते.